पंच्याण्णवचा कॅन

डेल्फीनच्या पंपावर पेट्रोल एकाच प्रकारचं मिळायचं, पण त्याच्याबद्दलची बोलणी शंभर प्रकारची. ॲलिस शहराकडून येणारे दाढीवाले मोटरसायकलस्वार हेल्मेट काढायच्या आधीच विचारायचे, "बाई, चांगलं पेट्रोल नाही का?"

"हे वाईट आहे असं कोण म्हणालं?"

"इंजिनाची वाट लागते म्हणतात."

"एकोणीस वर्षं विकतेय. वाट लागलेलं एकही इंजिन माझ्याशी भांडायला परत आलेलं नाही. नको असेल तर ढकलत न्या. पुढचा पंप अडीचशे किलोमीटरवर आहे."

मग ते मुकाट्यानं टाकीचं झाकण उघडायचे. डेल्फीनला असल्या लोकांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. हुंगणाऱ्याला नशा चढवणारा तो वासच या पेट्रोलमधून काढून टाकलेला आहे, एवढाच काय तो फरक. वाळवंटातल्या या आदिवासी वस्तीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडून ते आणवलं होतं. पहिला टँकर आला त्याच आठवड्यात डेल्फीन पंपावर कामाला लागली, ती अजून तिथेच आहे.

अशा बाईच्या घरात बाहेरचं पेट्रोल यावं, आणि तेही पोटच्या पोराने आणावं!

लिऑन चोवीस वर्षांचा होता. रस्त्याच्या कामावर जायचा, अंगाने आडवातिडवा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने जुनी मोटरसायकल घेतली आणि तो बिघडला. म्हणजे दिवसभर तिलाच पुसत बसायला लागला. तिच्या झाकणापाशी कंपनीची चिठ्ठी होती: पंच्याण्णव ऑक्टेन किंवा त्याच्या वरचं पेट्रोल. आईच्या पंपावरचं एक्क्याण्णव. ते घातलं की चढावर इंजिन ठोके देतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. शुक्रवारी तो ॲलिसहून मित्राच्या गाडीतून आला, तो वीस लिटरचा लाल कॅन घेऊनच.

"लिऑन, वस्तीत हे आणायचं नसतं."

"अगं आई, मी काय पिणार आहे का ते? गाडीत घालणार आहे. गाडीवाल्यानेच लिहिलंय, वाच ना."

"गाडीवाला इथे राहायला येतो का?"

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून तो कॅन शेडमध्ये ठेवून कामावर निघून गेला.

डेल्फीनच्या जिवाला घोर लागला. घरात तिच्या बहिणीची चार नातवंडं, शेजारची तीन, आणि शेडला कडी नाही. तिने कॅन उचलून न्हाणीघरात ठेवला. तिथे मुलं पाय धुवायला आली. मग पलंगाखाली ढकलला. दुपारी पंप सोडून दोनदा घरी येऊन वाकून पाहिला. शनिवारी तो कपाटात गेला, रविवारी चर्चमध्ये बसल्या बसल्या तिला वाटलं की कपाटाची किल्ली दारालाच राहिली, आणि प्रार्थना अर्धी टाकून ती उठली. किल्ली तिच्याच खिशात होती. घरी पोचल्यावर कपाट उघडून तिने झाकण घट्ट आहे का ते फिरवून पाहिलं, आणि फिरवताना ते उलटं फिरलं.

तो वास वर आला. एकोणीस वर्षांत तिने तो घेतला नव्हता.

तिला एक धाकटा भाऊ होता. तो गेला त्या दिवसापासून त्याचं नाव कुणी तोंडावर आणलं नाही. त्याच नावाचा दुसरा एक मुलगा वस्तीत होता, त्यालाही लोक तेव्हापासून कुन्मनारा, म्हणजे 'ज्याचं नाव घ्यायचं नाही तो', म्हणायला लागले. फोटो उचलून ठेवले. वस्तीत माणूस गेला की असंच करायचं असतं, त्यात चूक काही नव्हती. चूक झाली ती पुढे. नावाबरोबर आख्खी गोष्टच झाकली गेली, आणि लिऑनसारखी मागून जन्मलेली पोरं आईच्या पंपावरच्या पेट्रोलला हलकं, गरिबांचं पेट्रोल समजत मोठी झाली.

लिऑन जेवायला आला तेव्हा कॅन अंगणात उन्हात उभा होता आणि आई त्याच्याशेजारी.

"कुणी बाहेर काढला?" तो म्हणाला. "उन्हात ठेवतात का कुणी?"

"बस खाली."

"भूक लागलीय मला."

"बस म्हटलं ना!"

तो बसला. डेल्फीनला सुरुवातच सापडेना. "तुला एक मामा होता," ती शेवटी म्हणाली. "डबा असायचा त्याच्याकडे. दुधाच्या पावडरीचा, कापलेला. त्यात हे असायचं. नाकाखाली धरून हिंडायचा. मी डबा काढून घेतला की रडायचा, आणि मी झोपले की दुसरा आणायचा. शेवटी शेवटी मला ओळखायचा नाही. मीच घास भरवायचे."

लिऑन कॅनकडे बघत राहिला. "मला कुणी का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? आम्हीच त्याच्याबद्दल बोलत नव्हतो. माझं चुकलं."

"आणि माझी गाडी?"

"ठोके देईल. चढावर सावकाश ने. नाहीतर विकून टाक आणि एक्क्याण्णववर चालणारी घे. पण हे मला घरात नको. मला झोप नाही रे येत."

लिऑनने उठून मोटरसायकल अंगणात आणली, नरसाळं शोधलं. मोटरसायकलची टाकी भरली आणि उरलेलं डेल्फीनच्या जुन्या गाडीत घालायला घेतलं. नरसाळं तिने धरलं होतं. थोडं सांडलं.

"किती वर्षांचा होता?" लिऑनने विचारलं.

"सोळा."

तो ओतायचा थांबला. "म्हणजे माझ्यापेक्षा लहान?"

"हो. त्याला मोटरसायकल शिकायची होती. घोड्यावर बसायचा छान, पण मोटरसायकल येत नव्हती."

लिऑनने कॅन पुन्हा तिरका केला. शेवटचे थेंब पडेपर्यंत त्याने तो तसाच धरून ठेवला.

"मी शिकवली असती मामाला," तो म्हणाला.