विचारून टोचा

पुठ्ठा माझ्या गळ्यात दुकानदारानं स्वतःच्या हातानं घातला. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा, वरून सुतळी. त्यावर निळ्या मार्करनं लिहिलं होतं: 'मी लस घेतली नाही. माझ्यापासून दूर राहा.'

मला वाचता येतं. सातवी शिकले आहे मी.

रेशनचा दिवस होता. साकोली तालुक्यातलं आमचं गाव, तळ्याच्या पाळीखाली. लस घेतलेली माणसं दुकानाच्या शेडमध्ये सावलीत उभी. आम्ही तिघी नालीच्या कडेला, उन्हात. मी, सत्तरी ओलांडलेली भागाबाई आणि सहा महिन्यांची पोटुशी मंदा. लस न घेतलेले गावात आणखीही होते. पण ज्यांचं रेशनवाचून अडत नाही ते तिथं कशाला येतील?

"तोंड वर कर," दुकानदार म्हणाला. मोबाईल उचलून त्यानं फोटो काढला. लगेच गावाच्या ग्रुपवर टाकला.

शेजारी खुर्चीवर मालक बसले होते. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, रेशनच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्याच धानाच्या बांधीत मी रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जात होते, त्यांच्याच वाड्यात शेण सारवत होते. ते हसले. म्हणाले, "इज्जत गेल्याशिवाय या लोकायले समजत नाई."

या लोकायले.

माझे आजोबा सांगायचे, तळ्याच्या घाटावर त्यांना 'दूर राहा' म्हणत. आमच्या मोहल्ल्याची सावलीही नको असायची. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, जुनं झालं ते. गेलं. आणि आता तेच दोन शब्द माझ्या छातीवर लटकत होते. ह्या खेपेला कारण मोठं होतं. कारणामागं सरकार होतं, डॉक्टर होते, सगळ्या गावाचा जीव होता. त्यामुळं कुणालाच लाज वाटत नव्हती.

धान्य मिळालं नाही. रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

आता मी लस का घेतली नव्हती ते सांगते. लस खोटी आहे असं मी कधी म्हटलं नाही. माझा दीर कोरोनात गेला. श्वासासाठी तडफडताना मी त्याला पाहिलंय. रोग काय असतो ते मला कुणी शिकवू नये.

पण माझी पोरगी झाली तेव्हा एका दवाखान्यात मला सुई दिली होती. पाच मिनिटांत तोंड सुजलं, गळा आवळला, डोळ्यांपुढं अंधार. सासू रडायला लागली होती, गेली म्हणून. तेव्हा वाचले. ती सुई कशाची होती, ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्याकडं विचारत नसतात.

गावातल्या शाळेत लसीचं शिबिर लागलं तेव्हा मात्र मी विचारलं. पदर खोचून रांगेत उभी राहिले, नंबर आला, बाही वर केली आणि विचारलं, "साहेब, मले मागं सुईनं लय तरास झाला होता. ही घेतली तं चालते का?"

रजिस्टर लिहिणारा मान वर न करता म्हणाला, "डॉक्टर तू का मी? घ्यायची तर घे, नाहीतर बाजूला हो. संध्याकाळपर्यंत गाव पूर्ण करायचंय."

मागून बायका हसल्या. मी बाही खाली केली आणि घरी आले.

एवढाच माझा गुन्हा. एक प्रश्न.

त्या दिवशी रेशनवरून आले तर पायल, माझी पोरगी, दारातच उभी. फोटो तिच्यापर्यंत पोचला होता. नववीत होती तेव्हा. मला वाटलं, रडेल. रडली नाही. मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "आई, फोटोत तू मान खाली काहून घातली?"

मी पाहिलं. खरंच, तोंड वर कर म्हणाला तरी मान खालीच होती. चोरी केलेल्या बाईसारखी.

चूल पेटवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आशाताईला गाठलं. ती शेवंताबाई, आमच्याच मोहल्ल्यातली. तिला म्हटलं, "मले मोठ्या दवाखान्यात ने. मले डॉक्टरलेच विचाराचं हाय." ती म्हणाली, "चाल बाई. मलेही रोज बोलणे खावे लागून राहिले तुमच्यापायी." दोघी गेलो.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं मला खुर्ची दिली. समोरचा कागद ओढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, याआधी कुठल्या औषधाचा, सुईचा त्रास झालाय का?"

मी तिच्याकडं पाहतच राहिले. म्हणजे हा प्रश्न त्यांच्याच कागदावर होता! मी जे विचारलं म्हणून मला हसले, ते त्यांनीच मला विचारायचं होतं.

सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग म्हणाली, "तुमची भीती खोटी नाही. पण बाळंतपणात देतात त्यातलं कुठलंच औषध या लसीत नसतं. माझं मत, घ्या. इथंच घ्या, अर्धा तास माझ्यासमोर बसा. काही झालं तर औषध तयार आहे. आणि मन नसेल तर आज घरी जा, पुन्हा या."

घरी जा म्हणाली, म्हणून मी थांबले. हात पुढं केला. अर्धा तास बसले. काही झालं नाही. दंड दुखला दोन दिवस.

परत आले तेव्हा रेशनचं वाटप सुरूच होतं. भागाबाईला आणि मंदाला पुन्हा रिकामं परत पाठवलं होतं. मी दोघींना घेऊन दुकानात गेले. तीच पुठ्ठ्याची पाटी खिळ्याला टांगलेली होती, पुढच्या गळ्याची वाट पाहत.

दुकानदाराला बातमी लागली होती. "घेतली ना? कागद दाखव, धान्य ने. ह्या दोघी तिकडं."

"कागद हाय," मी म्हणाले. "दाखवत नाई."

"काहून?"

"धान्य बंद कराचा तुमचा कागद पहिले दाखवा. कोनाच्या सहीचा हाय?"

तो मालकांकडं पाहायला लागला. मालक म्हणाले, "गावाच्या भल्यासाठी हाय ते. तुले काय समजते?"

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. ठरवलेलं नव्हतं. "मालक, मालकीणबाईनं लस घेतली का?"

शेडमधली माणसं मालकांकडं वळली.

"मले त्यायनंच सांगतलं. ओसरीवर बसून. 'आमाले सुई कायले पायजे, यायनं न टोचताच रजिस्टरात नाव चढवून घेतलं.' मंग त्यायच्या गळ्यात पाटी काहून नाई?"

मालक उठून उभे राहिले. "जीभ लय लांब झाली तुही."

"हाव," मी म्हणाले. "झाली."

खिळ्यावरची पाटी काढली. पुठ्ठा जाड, फाटेना. दातानं सुतळी तोडली, पायाखाली दुमडला आणि नालीत टाकला. या वेळेस मान वर होती. कुणी फोटो काढला नाही.

दुकानदार बाजूला जाऊन फोनवर हळू आवाजात बोलला, 'साहेब, तसा कागद नाई ना आपल्यापाशी?' परत आला आणि मशीन पुढं सरकवली. "लावा अंगठा." तिघींनी लावला.

मालकांच्या शेतातलं काम त्याच दिवशी संपलं. आता मी लांब, एकोडी गावाकडं जाते रोवण्याला, पहाटे निघून.

मंदानं त्याच डॉक्टरणीला विचारून लस घेतली. भागाबाईनं नाही घेतली. मी तिच्याशी भांडले, आजही भांडते. तुझ्या खोकल्यानं शेजारचं मूल आजारी पडू शकतं, तुझ्या एकटीच्या मर्जीनं गाव चालत नाही, हे तिला तोंडावर सांगते. पण तिच्या ताटातला भात काढून सांगणार नाही. उपाशी माणसाचं 'हो' हे 'हो' नसतं.

यंदा हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला माणसं आली. तीच घाई, तसंच रजिस्टर. "चला, चला, माझ्यासमोर गिळा," एक जण म्हणाला. बायकांनी हात पुढं केले.

मी म्हटलं, "थांबा. कशाची गोळी, कोनं नाई घ्याची, घेतल्यावर काय होते, ते सांगा. मंग पहिली मी गिळीन."

तो चिडला. "प्रत्येकीला सांगत बसू का?"

"हाव. प्रत्येकीले."

सांगितलं त्यानं. उपाशीपोटी नको, पोटुशीनं नको, फार आजाऱ्यानं नको. पाच मिनिटं लागली. एका पोटुशीनं पुढं केलेला हात मागं घेतला. मी सगळ्यांसमोर पहिली गोळी गिळली. माझ्यामागं अख्ख्या मोहल्ल्यानं गिळल्या.

पाच मिनिटं. तेवढीही आमच्यासाठी कुणाकडं नव्हती.

आता सुई येवो, गोळी येवो, मोहल्ल्याच्या तोंडाशी मी उभी असते. रोगाशी लढायला आम्ही कुणाच्याही आधी येऊ. पण आमच्या अंगाला हात लावण्याआधी आमच्याशी बोलावं लागेल. धमकी देऊन नाही, बोलून. तोवर मी वाटेतून हलणार नाही.