‘टर्न डाउन’चा चौथा अर्थ

खडकीच्या शाळेत आमच्या सिस्टर दर सोमवारी फळ्यावर एक क्रियापद लिहीत आणि त्याच्या शेपटाला एक छोटा शब्द जोडत. त्या आठवड्यात ‘टर्न डाउन’ होतं. कंदिलाची वात खाली करणे. पानाचा कोपरा दुमडणे, जे सिस्टरना मुळीच खपत नसे. झोपण्याआधी पलंगावरचं पांघरूण उलटून ठेवणे. आमच्या घरी पलंग नव्हता, म्हणून हा अर्थ मी न कळताच पाठ केला. चौथा अर्थ नाकारणे. प्रत्येकाचं एक वाक्य करायचं होतं. चौथ्यासाठी मी लिहिलं, राजाने भिकाऱ्याची विनंती नाकारली. सिस्टरनी बरोबरची खूण केली.

आम्ही तेव्हा चिंचवडगावात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरमालकीण विधवा होती, एकटी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. सडकेकडचं तिचं शेत औषधांच्या नव्या कारखान्यासाठी गेलं होतं. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या एकाला कामावर घेणार, असं चावडीवर सांगितलं होतं. बाटल्या धुवायला बायकाही घेणार होते. माझ्या बाबांनी मावशीचा अर्ज इंग्रजीत लिहून दिला.

उत्तर आलं त्या दिवशी बाबा त्यांच्या कचेरीतल्या साहेबांबरोबर दौऱ्यावर होते. मावशी पदराला हात पुसत दारात आली.

“वाच पोरी. बाप न्हाई तर न्हाई, तू हायेस की इंग्रजीवाली.”

टाइप केलेलं पत्र होतं. दुसऱ्याच ओळीत ‘टर्न डाउन’ दिसलं. सांगायला लाज वाटते, पण ओळखीचा शब्द भेटला म्हणून आधी मला आनंद झाला. मग मी वर पाहिलं. मावशी माझ्या ओठांकडे बघत होती.

“काय म्हंत्यात?”

“विचार करताहेत.”

“म्हंजी घेत्यात?”

“बहुतेक. कळवतील.”

मी खालचं न वाचताच पत्राची घडी घातली.

मला नकार सांगता येत नव्हता. आमच्या घरात तो कोणी सांगतच नसे. तांदूळ संपले की आई ‘तांदूळ वाढले’ म्हणे, दिवा विझवायचा तर शांत करायचा, निघताना ‘येते’ म्हणायचं, आणि दारावरच्या भिकाऱ्यालाही ‘पुढं जा बाबा’ एवढंच. शाळेतल्या वहीत मी राजाकडून हवा तेवढा नकार देववू शकत होते. मावशीसमोर तोंड उघडेना. पण हे कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी ती दारातून लवकर जावी, इतकंच मला वाटत होतं.

बाबा आठवड्याने परतले. मावशीने त्यांना सांगितलं, “इचार करत्यात म्हनं. तुमच्या पोरीनं समदं वाचलं.” बाबा म्हणाले, “मग झालं तर.” मी आत भाजी निवडत होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात चाकणहून मावशीचा भाऊ आला आणि तिची म्हैस घेऊन गेला.

“सातची पाळी म्हनल्यावं धार कुनी काढायची?” मावशी आईला सांगत होती. “कंपनीवाली बाई आता मी. दूध इकत घीन तुमच्यावानी.” आई हसली. मी दप्तर घेऊन ओट्यावर उभी होते. म्हैस कोपऱ्यापर्यंत मागे वळून बघत गेली. त्या दिवशी शाळेला जायची माझी सकाळची पॅसेंजर गाडी चुकली.

महिना उलटला तरी कारखान्यातून बोलावणं आलं नाही. एका शुक्रवारी मावशीने मला पुरणाची पोळी द्यायला घरात बोलावलं. तिच्या देव्हाऱ्यात तसबिरीला टेकवून ते पत्र ठेवलं होतं. वर हळदकुंकू वाहिलेलं. मावशी चुलीपाशी वळली तेव्हा मी ते उचललं आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. जमीन गेल्याचा तलाठ्याचा दाखला जोडलेला नाही म्हणून अर्ज नाकारण्यात येत आहे. महिनाअखेरपर्यंत दाखला आणून दिल्यास पुन्हा विचार होईल. महिनाअखेर होऊन नऊ दिवस झाले होते.

“मावशी, यात नाही म्हटलंय.”

“कवा न्हाई म्हनलं?”

“पहिल्यापासून.”

ती पाटावर बसली. पोळी तव्यावर होती.

“आन् तू वाचलं व्हतंस.”

“अर्धं.”

तलाठ्याच्या दाखल्याचं मी सांगितलं. तिने ते दोनदा विचारून घेतलं. मग उठून करपलेली पोळी बाजूला काढली, आणि दुसरी लाटून मला वाढली.

दाखला मिळायला चार दिवस गेले. तो घेऊन आम्ही दोघी चालत कारखान्यात गेलो. बाबांना ‘चला’ म्हणा, असं मी सुचवलं होतं. ती म्हणाली, “न्हाई. तूच चल.” तिथले साहेब मद्रासकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. मी इंग्रजीत सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी मला दोनदा पुन्हा बोलायला लावलं. कुंकू लागलेलं पत्र त्यांनी कडेने धरून पाहिलं आणि शांतपणे उत्तर दिलं.

“काय म्हंत्यात साहेब?” मावशी पुन्हा माझ्या ओठांकडे बघत होती.

“नाही म्हणतात. जागा भरल्या.” तिथे थांबता आलं असतं. “वेळेत आला असतात तर घेतलं असतं, असं म्हणतात.”

“व्हय का.” तिने दाखल्याची घडी घालून कनवटीला खोचली.

परतताना ती पुढे चालली होती, मी मागे. घराशी आल्यावर एवढंच म्हणाली, “जा, आई वाट बघत आसंल.”

त्यानंतर ती चाकणला भावाच्या कांद्याच्या रानात कामाला जाऊ लागली. आठ-आठ दिवस तिकडेच राही. म्हैसही तिकडेच होती, पण आता भावाची. माझ्याशी ती वाईट वागली नाही. सणाला वाटी येत राहिली.

टपालाने काही आलं की मात्र ती कागद घेऊन ओट्यावर बसे. बाबा खडकीहून संध्याकाळी येत. तोवर ती पाय लांब करून तिथेच बसून राही, कधी दुपारपासून. मी आत अभ्यास करत असे. मी घरात आहे, हे तिला माहीत असे.