आकडा धरला, सांगितला नाही

बाबा स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला. जखम भरली, पण स्मरणाची चाचणी नीट झाल्याशिवाय हातमागावर बसायचं नाही, असं भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाबा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात. दुसरं काम त्यांना येत नाही.

"सात, दोन, नऊ, चार," डॉक्टर म्हणाले. "आता उलट सांगा."

"हं," बाबा म्हणाले आणि पुढच्या आकड्यांची वाट बघत बसले.

डॉक्टरांनी दुसरे आकडे दिले. पुन्हा "हं". कागदावर शून्य पडलं. आठ दिवसांनी या, म्हणाले.

मी तेव्हा मेंदूविज्ञान शिकत होते. असा आकडा एका पेशीत ठेवलेला नसतो. पेशींचा एक गट एकमेकींना जागं ठेवत तो काही सेकंद धरून ठेवतो. गट विस्कटला की आकडा गेला. परीक्षेत हे मी इंग्रजीत झकास लिहिलं होतं. आता बाबांकडे बघितलं की मला तो विस्कटलेला गटच दिसायचा. घरी बोलले नाही. मी तशीही कमीच बोलते.

मागावरची साडी अडू नये म्हणून शेजारचे काका मागावर बसले. आमच्या साडीच्या काठाला करवतीसारखे दात असतात. कोणत्या ओळीला दात किती धाग्यांचा, ते आई बाजूला बसून सांगते.

"पाच."

"हं." धोटा धागा घेऊन पलीकडे गेला.

"सात."

"हं."

काकांनी एकदाही आकडा परत उच्चारला नाही. बाबाही कधी उच्चारत नाहीत. हं म्हणजे धरला, पुढचं सांग. दारातून बघताना मला कळलं, डॉक्टरांसमोरही बाबा हेच करत होते.

तेवढ्यात बाबा खाटेवरून ओरडले, "सात कायले? सहा पाहिजे! साडी होय का कुत्र्याचा जबडा?"

आईनं मोजून बघितलं. सहाच हवे होते.

"तू झोप ना बे गुपचूप," काका म्हणाले.

पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगायचं वाक्य मी एसटीत इंग्रजीत पाठ केलं. तोंडातून मराठीत, एका दमात बाहेर पडलं: मागावर आकडा परत म्हणत नाहीत, नुसतं हं म्हणतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बरं. आकडे मोठ्यानं सांगा, मला ऐकू येतील असे."

बाबांनी चारही उलट सांगितले. मग पाचही. डॉक्टर हसले आणि मागावर बसायची परवानगी लिहून दिली.

"मोठ्यानं म्हणाचं, हे आधी काहून नाही सांगितलं, बाई?" बाबांनी बाहेर विचारलं.

"मलेच माहीत नव्हतं."

स्टँडवर मी आलुबोंड्याच्या दोन प्लेट खाल्ल्या. तिसरी बाबांनी न विचारताच मागवली.