तांबं, फुगे आणि धाकट्याची मान

रोज सकाळी दादा उपाशीपोटी कॅप्सूल गिळायचा आणि पाचसहा फुगे फुगवायचा. पोटात काही असलं की औषध धड लागू पडत नसे, म्हणून चहाला अवकाश असायचा. तेवढ्यात तो एकेका फुग्यावर फेस चढवून वस्तऱ्यानं त्याची दाढी करायचा. फुगा फुटला की बायको आतून विचारायची, “गेलं का गिऱ्हाईक?”

दादाचं सलून गल्लीच्या तोंडाशी होतं. हात इतका हलका, की माणसं खुर्चीतच घोरायची. मग तोच हात थरथरायला लागला. जन्मात थेंब न चाखलेल्या दादाला लोकांनी बसल्याजागी दारुडा करून टाकलं आणि खुर्ची रिकामी पडली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकला, तर बुबुळाच्या कडेनं तपकिरी कडं. अंगात तांबं साठत होतं. दोष आईबापांकडून आलेला. कॅप्सूल ते तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढणार होती, पण औषध जन्मभर चालू ठेवायचं होतं. दादानं घरी येऊन बायकोला सांगितलं, की मला मोडीत घातलंस तर बरा भाव येईल.

सुरुवातीला हात उलट जास्तच नाचला. असं होऊ शकतं हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून निभावलं. मग हळूहळू फुगे जगायला लागले. एका आठवड्यात एकही फुटला नाही, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि दोघं नवराबायको फुग्यांत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

घोर होता तो धाकट्या भावाचा. त्यालाही हेच असू शकतं, आणि लक्षणं दिसायच्या आत कळलं तर औषधानं पुढचं सगळं टळेल, असं बाईंनी बजावलं होतं. पण धाकटा सुई म्हटलं की पसार. ठणठणीत माणसाला कशाला छळता, म्हणून वर दादालाच ऐकवायचा. दाढी मात्र त्यानं दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती. ती आता छातीवर रुळत होती.

फुग्यांची बातमी लागताच तो सलूनमध्ये येऊन खुर्चीत रेलला. पहिली मान आपलीच, म्हणाला.

“वस्तऱ्याला भीत नाहीस आणि सुईला भितोस?” वहिनीनं विचारलं.

“वस्तरा घरचा आहे, वहिनी.”

दादानं आधी कात्री चालवली, मग फेस चढवला. वस्तरा गालावरून सरसर फिरला, हनुवटीखाली उतरला. हात ढिम्म. बरोबर नरड्यावर येऊन तो थांबला.

“उद्या रक्त तपासायला येतोस ना?”

धाकट्याला आवंढा गिळायचीही सोय नव्हती. त्यानं डोळे फिरवून वहिनीकडे पाहिलं. तिनं तोंडात टॉवेलचं टोक कोंबलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते.

“दादा, ही गुंडगिरी आहे,” तो ओठ न हलवता पुटपुटला.

“मान हलवू नकोस. नुसतं हो म्हण.”

फेसातून एक बारीकसं हो बाहेर आलं. वस्तरा पुढे सरकला.

“डावीकडे वळ,” दादा म्हणाला.