शिवलेली तीन प्रकरणं

मुलीच्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं मी सुईदोऱ्यानं शिवून टाकली होती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी शिक्षिका नसते तर मीही हसले असते.

आम्ही वर्ध्याकडच्या सिंदी रेल्वे या गावात राहतो. गाव कापसाचं. जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचे तंतू उडतात, आणि माझ्या लेकीला ते सोसत नाहीत. दम्यापायी तिसरीत तिची निम्मी शाळा बुडली. तेव्हा मी नोकरी सोडली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना मराठी शिकवली, आता स्वतःच्या पोरीला शिकवू, असं म्हणून तिला घरीच बसवलं. नवरा म्हणाला, "जमन का तुले? घरची मास्तरीण पोराईले पटत नसते." जमलं. दोन वर्षं जमलं, आणि फार छान जमलं, हे मी आज कुणालाही सांगायला तयार आहे.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मी एक जादूची कादंबरी अभ्यासाला घेतली. त्यातली मुलगी पायविहिरीच्या पायऱ्या उतरत जाते आणि खाली वेगळाच देश लागतो. तिथल्या राणीनं सगळा वारा पेट्यांमध्ये कोंडून ठेवलेला असतो. ती मुलगी आणि एक म्हातारा, कुरकुऱ्या बगळा तो वारा सोडवायला निघतात. माझ्या लेकीला ही गोष्ट आवडणार यात शंकाच नव्हती. पहिलं प्रकरण ऐकून ती म्हणाली, "त्या देशात पंप भेटते का गं, आई?" आणि आपल्या दम्याच्या पंपाकडे बघून हसली.

मी टाचण काढायला बसले. कोणता भाग कधी शिकवायचा, कुठं काय विचारायचं, हे शिक्षक आधीच वहीत लिहून ठेवतो, ते टाचण. माझे वडीलही मास्तर होते. टाचणाशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही, हे मी त्यांच्याकडून उचललेलं. अठरा प्रकरणं, आठवड्याला एक. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्या देशाचा नकाशा. बगळ्याला पत्र. राणीची बाजू घेऊन भाषण. आणि जवळजवळ प्रत्येक पाठात एक ओळ: 'येथे थांबावे. विद्यार्थिनीच्या चेहऱ्याकडे पाहावे. आता काय होईल, असे विचारावे.'

तिला या ओळीचा भयंकर राग. ऐन रंगात आलं की मी पुस्तक मांडीवर पालथं घालायची. ती ओरडायची, "आई, सांग ना!" मी म्हणायची, "विचार कर." मला पुढचं ठाऊक असायचं आणि तिला नसायचं. तिच्या कपाळावरच्या आठ्या बघण्यात जे सुख होतं, ते मला पगारात कधी मिळालं नाही.

पण एकदा ती म्हणाली, "तुले सारं आधीच मालूम राह्यते. तुले मजाच येत नसन." ते मला लागलं. खरंच होतं ते. माझं वाचन आणि टाचण तेव्हा पंधराव्या प्रकरणापर्यंतच आलं होतं. मग मी ठरवलं, शेवटची तीन प्रकरणं मीही वाचणार नाही. शेवटाला आम्ही दोघी बरोबर पोचायचं, कुणीच पुढं नाही, कुणीच मागं नाही. पण उतावळेपणात आम्ही मायलेकी सारख्याच, म्हणून गोधडीचा जाड दोरा घेतला आणि ती पानं कडेनं शिवून टाकली. परीक्षेच्या गठ्ठ्यांना सील लावायची सवय असलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? नवरा म्हणाला, "पुस्तक हाय का पोतं हाय?"

दहाव्या प्रकरणाला मी क्षेत्रभेट ठेवली होती. त्यात पहिली पेटी उघडते आणि वारा सुटतो. म्हणून तिला केळझरच्या टेकडीवर नेलं. गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही वारा लागेल अशा जागी उभ्या राहिलो. डोळे मिटून ऐक, असं मी तिला सांगितलं. तिनं छाती भरून श्वास घेतला, जराही घरघर नाही. मी खूश. मग तिनं डोळे उघडले. खाली एका शाळेची सहल आली होती. पोरी गोल करून डबे खात होत्या, एकमेकींच्या डब्यात हात घालत होत्या, कारण नसताना खिदळत होत्या. माझी पोर त्यांच्याकडे बघत राहिली. वाऱ्यावर दहा ओळी लिहायच्या होत्या, तिनं दोनच लिहिल्या.

परत येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मले शाळेत जाचं हाय."

"काऊन? मी बराबर शिकवत नाई का?"

"शिकवतं ना. पण तू एकटीच हायस."

दमाही आटोक्यात आला होता. वर्ध्याजवळ, गावाबाहेर एक निवासी शाळा आहे, तिथं सहावीला नाव घातलं. डॉक्टर हो म्हणाले, नवरा हो म्हणाला, मीही म्हणाले.

आणि मग मी लबाडी केली. पुस्तक लांबवायला लागले. अकराव्या प्रकरणाची उजळणी घेतली, मग उजळणीची उजळणी. नकाशा पुन्हा रंगवायला लावला. एप्रिल गेला, मे गेला. पुस्तक संपलं नाही तर ती जाणार नाही, असं काही मला वाटत होतं का? शहाण्या बाईला असं वाटू नये, पण वाटत होतं. अति तेथे माती म्हणतात ते उगीच नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिची पेटी भरली, तेव्हा शिवलेली तीन प्रकरणं तशीच होती.

ती म्हणाली, "आई, दोन दिवसात वाचून टाकू ना. आज दोन, उद्या एक."

मी म्हटलं, "घाई कराची नाई. दिवाळीत वाचू."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बरं. पण तू उसवजो नको."

मी उसवलं नाही. तिच्याशिवायचं घर कसं होतं हे नीट सांगताही येणार नाही. अकरा वाजले की माझे पाय आपोआप तिच्या टेबलाकडे वळायचे. भिंतीवरचा नकाशा पंख्याच्या वाऱ्यानं फडफडायचा. मी पुस्तक काढायची, दोऱ्यावरून बोट फिरवायची आणि परत ठेवून द्यायची. मला तिची इतकी आठवण यायची की जुनं टाचणच वाचत बसायची, तिची उत्तरं आठवत.

रविवारी शाळेतून फोन यायचा. सुरुवातीला ती हमखास विचारायची, "बगळा काय करून राह्यला?" मी म्हणायची, "शिवलेला हाय, कुठं जाते?" दोघी हसायचो. पोळ्यानंतर तिनं विचारणं सोडलं. मैत्रिणींचं सांगायची, खो-खोचं सांगायची. बगळ्याचं नाव नाही. पोर विसरली, म्हणून मी दोन दिवस नवऱ्याशी धड बोलले नाही, जसं काही ते त्याच्यामुळंच झालं.

दिवाळीत ती आली, नाकाला रुमाल बांधून, बोटभर उंच होऊन. फराळाआधी कात्री घेऊन तिनं दोरा कापला. "मी वाचतो," म्हणाली. "तू ऐक." मी तिच्या खुर्चीत बसले, ती माझ्या.

दोन प्रकरणं झाली. किती छान वाचत होती! बगळ्याचा कुरकुरा आवाज तर असा काढला की स्वयंपाकघरातून नवरा हसला. शेवटचं प्रकरण. वारा सुटला, पेट्या रिकाम्या झाल्या, मुलगी आणि बगळा विहिरीच्या तळाशी आले. आणि तिनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आता काय होईन?"

पुढचं ठाऊक असलेलं माणूसच असं थांबतं.

"तू वाचलं," मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली. "शाळेतल्या लायब्ररीत होतं. पोळ्याले साऱ्याईच्या घरून डबे आलते, आपला नाई आलता. तुई लय आठवण आली. मंग वाचून टाकलं."

पोळ्याला मला ताप होता. डबा पाठवायचं राहून गेलं होतं, एवढंच.

"मंग सांग ना आता," मी म्हटलं. "काय होते?"

"विचार कर," ती म्हणाली.

मी विचार केला. फार करावा लागला नाही. "पोरगी पायऱ्या चढून वर जाते," मी म्हटलं. "बगळा खालीच राह्यते."

तिनं होकारार्थी मान हलवली. मग माझा हात धरला आणि दुसऱ्या हातानं पान उलटलं.