दाबून धरायची तोटी

नव्वदीच्या दशकात हिंगोलीत आमच्या समोर राहणाऱ्या काकांनी स्वयंपाकघरातल्या पिंपाला स्वतः बनवलेली तोटी बसवली होती. बोटानं दाबून धरली तरच पाणी यायचं, तेही सुतळीएवढ्या धारेनं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तांब्या भरायला लावत आणि भरेपर्यंत पाणीबचतीवर बोलत. तांब्या मोठाच निवडलेला असायचा.

उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदाच यायचा. एकदा "नळ आला" अशी हाक ऐकताच काकांनी अर्धं भरलेलं पिंप ओढत गटारीपाशी आणलं.

"काका, पानी काहून फेकून राहिले?" मी विचारलं.

"शिळं हाय ते. ताजं येऊन राहिलं ना."

तोटीनं रिकामं व्हायला फार वेळ लागला असता, म्हणून त्यांनी पिंप सरळ आडवं केलं.