जुळलेली सही

पेंटरकाकांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. निवडणूक कचेरीच्या दारावरची पाटीही त्यांचीच. अक्षर असं, की पट्टी लावून बघा. पण पंचाहत्तरी ओलांडली आणि हातात कंप शिरला. आता कप ओठांपर्यंत जाईतो निम्मा चहा बशीत. पाट्यांचं दुकान आता सून बघायची. तिचा हात काकांनीच घडवला होता.

गुडघे दुखतात म्हणून काकांनी या खेपेला टपालाने मत पाठवलं. आठवड्याने कचेरीचं पत्र आलं: सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत स्वतः या, नाहीतर मत बाद.

"बाद? माझं?" काका उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांनी आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी साडेचारला ते सुनेच्या आधाराने कचेरीच्या खिडकीपाशी पोचले. कारकून बाईंनी तीस वर्षांपूर्वीची सही समोर ठेवली. शेवटी ऐटदार शेपूट असलेली. काकांनी खाली सही केली. ती कागदभर लडखडत गेली.

"नाही जुळत, काका."

"अहो, मी जिताजागता समोर उभा आहे! ओळखपत्र आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तुम्हीच आहात, मला दिसतंय. पण नियम सहीचा आहे." बाई वाईट नव्हत्या, त्यांचा आवाज उतरला होता. "अजून एकदा करता येईल. शेवटची."

काकांचं डोकं सणकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं ते पुटपुटले. मग त्यांनी पाट्या रंगवतानाची जुनी युक्ती केली. डाव्या हाताची मूठ उजव्या मनगटाखाली टेकवली, श्वास रोखला आणि गिऱ्हाइकाने दिलेला नमुना बघावा तसं त्या जुन्या सहीकडे बघत एकेक वळण रंगवलं. शेपटासकट.

"जुळली!" बाईंनी आनंदाने शिक्का मारला. "हेच आधी केलं असतं तर!" त्यांनी दोन्ही सह्या छापलेली पावती दिली.

सून म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे." पण घरी आल्यावरही काकांचा पाय ठरेना. खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"बाबा, झालं ना आता मत मंजूर? मग कसली घालमेल?"

"इकडे ये. ही पावती घे, पेन घे. माझी सही काढ."

"मी?"

"काढ म्हणतो ना."

तिने काढली. मिनिटही लागलं नाही. काकांनी चष्मा पुसून नोंदीतली सही पाहिली, मग तिची पाहिली. त्यांच्या तयार नजरेलाही फरक सापडेना.

"तू गेली असतीस तरी चाललं असतं," ते म्हणाले आणि त्यांनी तिचा कागद फाडून बारीक बारीक तुकडे केले.

मग कचेरीचं पत्र उलटं करून, मनगट कशावरही न टेकवता, त्यांनी सही केली. वाकडी, थरथरती, शेपूट भलतीकडेच गेलेली.

"ही माझी," काका म्हणाले. "हिलाच त्यांनी परत पाठवलं."